पगाराची खिडकी

जळगावच्या एमआयडीसीतल्या चटयांच्या कारखान्यात मी पगाराचं काम बघायची. धुळ्याहून नोकरीसाठी आलेली, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी बाई. लग्न जमलं नाही, आणि का जमलं नाही याच्या चौकशाही लोकांनी एव्हाना सोडून दिल्या होत्या. बरंच झालं म्हणा!

आमच्याकडे पगाराला कोणी पगार म्हणत नसे, खिडकी म्हणत. ‘‘आज खिडकी शे का?’’ हे सकाळपासून सुरू व्हायचं. ती खिडकी ऑफिसच्या मागच्या भिंतीत होती. चोरीच्या धास्तीनं शेठनी तिची काच रंगवून टाकलेली, खाली फक्त हात जाईल एवढी फट. बाहेर मुकादम नाव पुकारायचा आणि फटीतून एक हात आत यायचा. कामगारांचं फाटक मागच्या बाजूला, आमचं पुढे. त्यामुळे मला त्यांचे हात आणि आवाज ठाऊक, त्यांना माझे.

सही न येणारे पुष्कळ. त्यांचा अंगठा धरून आधी शाईच्या पॅडवर, मग कागदावर टेकवायचा. ‘‘सैल सोडा हो, मी काय तोडून घेतेय का?’’ असं मी दर वेळी खेकसायची, आणि बाहेर हशा पिकायचा. आज सांगायला काय लाजायचं? महिनाभरात माझ्या हातात दुसऱ्या माणसाचा हात यायचा तो त्याच दिवशी. मी त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसायची. बघायला कोण होतं, देव जाणे.

त्यातला एक चोपड्याकडचा हमाल. त्याचा हात येण्याआधी फटीतून दोन केळी आत यायची.

‘‘अहो भाऊ, केळी खाऊ का अंगठा घेऊ?’’

‘‘पहिले केळं खाय अक्का, पैसा काय पळी जाई का?’’

सुनेचं बाळंतपण, बैलाचं दुखणं, सगळं तो त्या फटीतून सांगायचा. मागचे ओरडायचे, मुकादम वैतागायचा. मी मात्र मुद्दाम एखादा प्रश्न जास्तीचा विचारायची.

नव्वदीच्या शेवटी शेवटी ऑफिसात कॉम्प्युटर आला. महिनाभर हजेरीच्या कार्डांवरून बटणं बडवून मीच सगळं त्यात भरलं, आणि शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, ‘‘आमच्याकडे पगार आता आपोआप होतो.’’ आपोआप! माझी बोटं सुजली होती ती काय हवेनं? पुढे ठरलं, पगाराची फ्लॉपी बँकेत जाणार, पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात पडणार. सह्या नाहीत, अंगठे नाहीत, कागद नाही. मीसुद्धा म्हटलं, चला, सुटले एकदाची त्या कटकटीतून.

शेवटच्या खिडकीला हमालानं विचारलं, ‘‘मंग तुमी बँकमा बसशात का, अक्का?’’

‘‘मला कोण बसवतंय बँकेत!’’ मी हसून म्हटलं. मागून कोणीतरी ढकललं, आणि त्याचा हात बाहेर गेला.

पुढच्या पगाराला शिपाई सकाळीच फ्लॉपी घेऊन बँकेत गेला. सवयीनं मी ठेवणीतली साडी नेसून आले होते. टेबल आवरलं, पुन्हा आवरलं. मागच्या भिंतीकडून काही ऐकू येईना. दुपारपर्यंत मला कळून चुकलं, की आता रोजचेच दिवस उरले. फार एकटं वाटलं. इतकं, की उगाच मुकादमाला बोलावून हजेरीतली नसलेली चूक काढली.

संध्याकाळी मी पुढच्या दारानं निघाले आणि वळसा घालून मागच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, निदान बघू तरी, कोण कसा दिसतो ते. सुट्टी झाली. घोळक्यानं माणसं बाहेर पडायला लागली. खातं उघडायला बँकेत किती वेळ गेला, तिथला साहेब कसा वसकन अंगावर आला, असं काहीबाही बोलत होती. माझ्याकडे बघून बाया जरा बाजूनं जात होत्या.

एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस सायकल थांबवून माझ्यापाशी आला.

‘‘कोनले भेटनं शे, बाई?’’

तोच आवाज. मी एक शब्द जरी बोलले असते, तरी त्यानं मला ओळखलं असतं. पण पदर सावरत मी नुसती मान हलवली. तो सायकलवर टांग टाकून निघून गेला.