जाऊबाईंचं पोट

दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं म्हणतात. माझं खरोखरच दुखायचं, आणि तेही थोरल्या जाऊबाईंचं पोट बघून. खोटं कशाला बोलू? त्यांच्या सोन्यावर, साड्यांवर माझा कधीच डोळा नव्हता. पण सकाळी तांब्या घेऊन त्या घरामागच्या रानात जायच्या, आणि माझा चहा गाळून होईतोवर हातपाय धुऊन परत! तोंडावर काय ते समाधान. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

घरात संडास एकच. आधी सासरे, मग थोरले दीर, मग माझा नवरा. सुनेचा नंबर शेवटी. तोवर लोहाऱ्याकडं जाणारी जीप रस्त्यावर हॉर्न मारत असायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, जीप चुकली की शाळेला उशीर. मग दाबायचं आणि निघायचं. शाळेतही जायची लाज, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही. डब्यात चपाती आणि बटाटा. भाकरी नेली तर लोक काय म्हणतील, हे एक वेगळंच खूळ.

चार-चार दिवस काही व्हायचं नाही. चूर्ण झालं, इसबगोल झालं, एरंडेल झालं. एक दिवस रक्त दिसलं आणि मी दवाखाना गाठला. उमरग्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत जखम झालीय. असंच कुंथत राहिलात तर ऑपरेशन करावं लागेल. पाणी किती पिता?"

"चार तांबे," मी ठोकून दिलं.

"इसबगोल पाण्याविना घेतलं तर उलट गच्च बसतं हां," त्या म्हणाल्या. मी मुंडी हलवली.

ऑपरेशनची धास्ती होतीच. पण त्याहून जास्त हे खुपत होतं, की नंतर माझं उठणंबसणं जाऊबाईंच्या हाती जाणार. ज्यांच्यावर मी जळते, त्याच मला गरम पाण्यात बसवणार! छे, मेलेलं परवडलं.

म्हणून एका रविवारी मी त्यांच्या मागं रानात गेले. मदतीला म्हणून सांगितलं, खरं तर पाळत ठेवायला. त्या काय खातात, किती पितात, सगळं बघत होते. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा, आणि घागरीतून तांब्यावर तांब्या पाणी. दुपारी त्या तुरीत शिरल्या आणि हां हां म्हणता बाहेर.

माझा तोल गेला. "तुमचं बरं हाय बाई," मी फणकाऱ्यानं म्हटलं. "ना नंबर, ना जीप. देवानं पोट दिलं तर तुम्हाला!"

त्या खो-खो हसल्या. मग माझ्याकडं बघून हसायच्या थांबल्या.

"अगं येडे, ह्या तुरी उभ्या हैत तवर माझी मजा. डोक्याएवढ्या तुरी, कोण बघतंय? तुरी निघाल्या की रान मोकळं, आन् घरात नंबर लागायच्या आधी मला कामाला निघावं लागतं. मग पार पुढल्या भादव्यापातुर म्या पाण्याला शिवत न्हाय. उन्हाळ्यात मला काय काय हुतं, तुला काय सांगू?"

एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

"उलट मलाच तुझा लई हेवा वाटायचा," त्या म्हणाल्या. "शाळेत पोरींचा पक्का संडास हाय म्हणं, आन् किल्ली तुझ्याच पर्समधी. म्या म्हणायची, काय नशीब हाय हिचं! दार लावून निवांत बसत आसंल."

किल्ली पर्समध्ये होतीच. तीन वर्षं होती. साहेब तपासणीला आले तर संडास लख्ख दिसावा म्हणून मीच कुलूप लावून ठेवलं होतं. मी स्वतः एकदाही गेले नव्हते. समोरच्या व्हरांड्यात गुरुजी बसलेले असायचे, त्यांच्या देखत किल्ली घेऊन कशी जाणार? हे जाऊबाईंना सांगायला माझी जीभ उचलेना.

पुढं माझं ऑपरेशन टळलं. डब्यात भाकरी गेली, पोटात पाणी गेलं. घरात नंबरावरून एकदा चांगलंच वाजलं, आणि तुरी निघायच्या आधी आम्हा दोघींचा नंबर पहिला लागला. सासरे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नाही तर नाही!

पण त्या रविवारनंतरच्या सोमवारचं सांगायचं राहिलं. मधल्या सुट्टीत मी गुरुजींच्या समोरून ताठ गेले, कुलूप काढलं, आत जाऊन आले. बाहेर येऊन बघते तर दाराशी पाच-सहा पोरी. मी कुलूप हातातच धरून उभी होते. चौथीतली एक पोर त्या कुलपाकडं बघत होती.

"बाई," तिनं हळूच विचारलं, "आता आमी बी पाणी प्यायचं का?"