चौथ्या पायाचा भंडारा

त्या आठवड्यात मी देवापुढे दिवा लावला नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. आमचं कुलदैवत खंडोबा. देवघरात त्याचा घोड्यावर बसलेला टाक आहे आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा आहे. रोज टाक पुसताना माझं बोट त्या कुत्र्यावरून फिरायचं. त्या आठवड्यात मात्र टाकाकडे नुसतं बघितलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तुझ्या पायाशी कुत्रा बसतो आणि माझ्या दारात पडलेला तुला दिसत नाही का, असं मी त्याला तोंडावर विचारलं, आणि चांगलं मोठ्याने विचारलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते ऐकलं आणि कानाला हात लावले.

आमचा पवन्या कारवान जातीचा. उंच, लांब तोंडाचा, पोट पाठीला चिकटलेलं. सासऱ्यांच्या काळात धावडा गावाकडच्या आमच्या शिवारात ही कुत्री सशामागे सोडायचे. पुढे शिकार बंद झाली, पण कुत्र्यांच्या अंगातली धाव काही गेली नाही. आता मक्यात शिरणारी रानडुकरं हाकलणं हे पवन्याचं काम. कुत्री व्याली की त्यातलं एक पिल्लू देवाच्या नावाने ठेवायचं, अशी आमच्या घरची पद्धत आहे. ते विकायचं नाही, त्याच्यावर हात उचलायचा नाही. दर रविवारी आत्याबाई त्याच्या चारी पायांवर भंडारा लावतात, देवाची हळद. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य पहिला त्याच्यापुढे ठेवायचा. त्याने तोंड लावलं की देवाला पोचला, मग घरातल्यांनी जेवायचं. आणि शेवटचा नियम, देवाचं कुत्रं अंगाने साबूत पाहिजे, त्याला कधी हत्यार लावायचं नाही. नवी नवरी असताना इतर पन्नास नियमांबरोबर हाही मी मान डोलावून ऐकला होता. तो एक दिवस माझ्याच गळ्याशी येईल असं वाटलं नव्हतं.

मिरची तोडायला मी एकटी रानात जाते तेव्हा पवन्या पुढे चालतो. मी थांबले की थांबतो, मागे वळून बघतो. दिवसभरात आमच्यात एक शब्द होत नाही, आणि घरी आल्यावर मला वाटतं, आज कुणाशी तरी पोटभर बोलून आले. माणसांपेक्षा मला त्याची सोबत आवडते, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

त्या दिवशी सकाळी तो मक्याच्या बांधावर क्लच वायरच्या फासात सापडला. रात्रभर ओढाताण करून डाव्या बाजूच्या पुढच्या पायात तार हाडापर्यंत गेली होती. मला बघून त्याने शेपटी हलवली, आणि तिथेच मी ओरडायला लागले. कोणाचा फास, कोणी लावला, कोणत्या मेल्याचे हात झडले नाहीत! मी अख्खं शिवार डोक्यावर घेतलं. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, बाजूला उभे होते, पक्कडीने तार तोडत होते, आणि एक शब्द बोलत नव्हते. तोडलेली तार त्यांनी गुपचूप खिशात घातली तेव्हा मला कळलं. फास घरचाच होता. डुकरांनी मका लोळवला म्हणून त्रासून लावला होता, कुणाला न सांगता. असे फास लावणं कायद्याने बंद आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि रात्री कुत्रं मोकळं असतं हेही ठाऊक होतं. त्या क्षणापासून मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

घरी आणल्यावर आत्याबाईंनी जखमेत मूठभर भंडारा भरला, वरून बांबूची कांबटं लावली, फडकं आवळून बांधलं. "देवाचं कुत्रं हे. देव बघून घेईन," म्हणाल्या. मी दवाखान्याचं नाव काढलं की यांच्याकडे बघायच्या, आणि हे मूग गिळून बसायचे. अपराध केलेल्या माणसाला मत राहत नाही, पण त्याचं गप्प बसणंही दुसऱ्याच्या जिवावर येतं. पवन्याने खाणं सोडलं. दूध ठेवलं तर तोंड फिरवायचा. मग फडक्याला वास यायला लागला. मी आत्याबाईंना न विचारता ते सोडलं. पंजा थंड होता, काळा पडला होता, आणि त्यावर पिवळा भंडारा तसाच होता. मला देवाचाही राग आला आणि हळदीचाही. यांच्याकडे न बघता मी भिंतीला सांगितलं, "शेजाऱ्यांची अ‍ॅपे रिक्षा मागून आणा, न्हाईतर मी याला डोक्यावर घेऊन जाते."

भोकरदनच्या डॉक्टरांनी पाय बघितला, दाबला, आणि सरळ सांगितलं. हा पाय गेलेला आहे. खांद्यापासून काढला तर कुत्रं जगेल, काढला नाही तर विष अंगभर जाईल. "तुम्हाला पाय काढणं पटत नसेल, तर मी त्याला कायमच्या झोपेचं इंजेक्शन देतो. पण असं ठेवू नका. आजच काय ते ठरवा." मी यांच्याकडे बघितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आईला इचारावं लागंन. देवाचं कुत्रं हाये ते."

काय सांगू, त्या दवाखान्यात माझी काय अवस्था झाली! फास लावताना आईला विचारलं होतं का? पण मी बोलले नाही, कारण बोलायला लागले असते तर थांबले नसते. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात भीती होतीच. देवाच्या वस्तूला शस्त्र लावायचं पाप मी घेऊ? धावण्यासाठीच जन्माला आलेलं जनावर, त्याला तीन पायांवर खुरडत ठेवून मी त्याचं भलं करणार की माझं? झोपेचं इंजेक्शनच खरी दया असेल तर? मी सगळ्यांवर चिडले होते, पण ठरवायची वेळ आली तेव्हा मीही माघार घेतली. आम्ही पवन्याला उचललं आणि गावाकडे निघालो. भिजत घोंगडं घेऊन.

वाटेत अ‍ॅपेचं चाक बसलं. चाक काढून घेऊन हे एका मोटारसायकलवाल्यामागे बसून पंक्चर काढायला गेले, आणि मी पवन्याला मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसले. आधीच सगळ्यांवर राग, त्यात आता टायरवरही. पलीकडच्या कापलेल्या रानात मेंढरं बसवलेली होती. तिथून एक मेंढकी बाई आमच्याकडे आली. मी तिच्याकडे नीट बघितलंही नाही. पाणी हवं का, असं तिने विचारलं, मी नको म्हणाले. तेवढ्यात तिच्या मागून एक काळं कुत्रं धावत आलं, पवन्याला हुंगलं, आणि कळपातून फुटलेल्या एका कोकरामागे वाऱ्यासारखं गेलं. ते कोकराला वळवून आणत होतं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्याला मागचा एक पाय नव्हता.

"याचा पाय कोणी तोडला?" मी भांडायला उठल्यासारखं विचारलं.

"गाडीखाली गेल्ता. मीच काढून घेतला डॉक्टरकडून."

"मंग देवाला चाललं?"

बाई हसली. "देवाला कशाला इचारू? कुत्र्याला इचारलं. भाकर धरली म्होरं. ज्याला जायचं असतंय ते खात न्हाई बाई. यानं खाल्ली."

माझा संताप झाला. म्हटलं, हे आठवड्यापासून खात नाही, म्हणजे हे जायला निघालंय, हेच सांगायला आलीस ना? मी तसं तिला बोललेही. ती रागावली नाही. कनवटीला बांधलेलं भाकरीचं फडकं सोडलं, एक तुकडा मोडला, सोबत आणलेल्या पितळीतल्या दुधात भिजवला आणि पवन्याच्या तोंडासमोर धरला. पवन्याने तोंड फिरवलं. तिने हात मागे घेतला नाही. मी पवन्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं. प्रार्थना वगैरे नव्हती ती. रडत रडत म्हणाले, "मल्हारी, तुझं कुत्रं तू बघ, माझ्याच्यानं आता व्हत न्हाई." पवन्याने मान वळवली, तिच्या तळहाताचा वास घेतला, आणि खाल्लं. हळूहळू चावून, सगळा तुकडा खाल्ला, आणि मग तळहात चाटला.

आमच्या घरात कुत्र्याने तोंड लावलं म्हणजे देवाला पोचलं. एवढी वर्षं चंपाषष्ठीच्या दिवशी मी ते बघत आले होते, आणि त्याचा अर्थ मला रस्त्याकडेला, पंक्चर झालेल्या अ‍ॅपेशेजारी कळला. पाय साबूत आहे का, हे देव बघत बसला नव्हता. त्याचा जीव अजून खायला तयार होता, आणि ज्याला जगायचंय त्याला मी कोणत्या नियमाने मारणार? चाक घेऊन हे परत आले तेव्हा आठवडाभराचं मौन सोडून मी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले, "गाडीचं तोंड भोकरदनकडं करा. पाप लागलं तर मला लागंन." त्यांनी चाक बसवलं आणि गाडी वळवली. त्या बाईला मी साधं "येते" सुद्धा म्हणाले नाही.

पवन्याला घरी आणलं तेव्हा आत्याबाईंनी खांद्यावरचे टाके बघितले आणि पदर डोळ्याला लावून आत गेल्या. मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाईच्या कपाळाला भंडारा व्हता का गं?" खंडोबाची दुसरी बायको बाणाई ही धनगराची, मेंढरं राखणारी, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. पण मला सांगता येईना. मी रागात होते, मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. तिचा तळहात तेवढा आठवत होता. पुढे टाके दाखवायला भोकरदनला गेलो तेव्हा मी मुद्दाम तिथे उतरले. रानात चुलीचे दगड होते, लेंड्या होत्या, मेंढरं पुढे गेली होती. मेंढके एका जागी राहत नाहीत, यात नवल काही नाही. मी त्या दगडांना हात लावून नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसले.

त्यानंतरचे रविवार मात्र माझ्या जिव्हारी लागले. आत्याबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन ओसरीवर यायच्या, पवन्याकडे बघायच्या आणि वाटी तशीच आत न्यायच्या. तो बिचारा रविवार ओळखायचा, उठून उभा राहायचा, कधी तोल जाऊन पडायचा. मी तोंडात येईल ते गिळायची. हे मात्र रोज संध्याकाळी रानात जायचे. आपले फास तर त्यांनी काढलेच, पण शेजारच्या बांधांवरचेही हातापाया पडून काढायला लावले. आता रात्री मचाणावर बसून डबे वाजवत डुकरं हाकलतात. मी त्यांच्याशी बोलते, पण तो राग अजून पूर्ण गेलेला नाही, आणि गेलाय असं खोटं लिहिणार नाही.

चंपाषष्ठी आली. वांगी भाजली, बाजरीचे रोडगे थापले. मी सकाळपासून मनात भांडण जुळवून ठेवलं होतं. आत्याबाईंनी नैवेद्याला शेजाऱ्यांचं साबूत कुत्रं बोलावलं, तर ताट उचलून अंगणात फेकायचं, हे मी ठरवलं होतं. त्यांनी देवाला नैवेद्य दाखवला, ताट घेऊन उंबऱ्यात आल्या, आणि हाक मारली, "पवन्या, ये रं लेकरा."

तो आला. तीन पायांवर, मान प्रत्येक पावलाला खाली-वर करत. ताटाशी पोचला आणि भरीत-रोडगा खाल्ला, त्या दिवशी त्या तळहातावरचा तुकडा खाल्ला होता तसाच. मग आत्याबाई गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या. भंडाऱ्यात बोटं बुडवून त्यांनी त्याच्या मागच्या दोन पायांना लावला, पुढच्या एका पायाला लावला. चौथी चिमूट बोटात तशीच राहिली. पाय नव्हता तिथे त्यांचा हात थोडा वेळ थांबला. आणि मग त्या वळल्या, आणि ती चिमूट त्यांनी माझ्या पायावर लावली.

सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा! मी दचकून पाय मागे घेतला. त्यांनी घोटा धरला. "थांब. आणलेला भंडारा वापस नेऊ का? तो कोणाच्या भरवशावर उभा राह्यला, मला काय दिसत न्हाई का? मी देवाला पाय मागत बसले व्हते गं. त्यानं कुत्रं दिलं."

माझं जुळवून ठेवलेलं भांडण कुठल्या कुठे गेलं. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले, आणि त्या मला रागे भरल्या की रोडगे गार होतात. सगळं देवावर सोडलंय असं मी आधीही अनेकदा म्हणत असे. पण काय द्यायचं ते मीच ठरवून त्याच्यापुढे हात पसरायचे, आणि तसं मिळालं नाही की फुगून बसायचं. त्या लिंबाखाली मागायलाही काही उरलं नव्हतं, तेव्हा कुणाचा तरी हात पुढे आला. तो कोणाचा होता हे मी आता कुणाशी वाद घालून ठरवत नाही. ज्याचा असेल त्याचे उपकार माझ्यावर आहेत.

देवघरात जाताना पाय धुऊन जावं, हाही या घरचा नियम आहे. त्या संध्याकाळी मी पाय न धुताच आत गेले आणि दिवा लावला.