फ्यूज नसलेली वायर

आमची जीप माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. मी शाळेत असताना अण्णांनी ती एका सरकारी लिलावात घेतली. अण्णा म्हणजे माझे वडील. ते जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. पदवीचे डॉक्टर नव्हते, पण वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांवर सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ‘गाय उठत न्हाई’ असा फोन आला की ते पिशवी भरायला घ्यायचे. नजर अधू झाल्यावर गाडी चालवायचं काम माझ्याकडं आलं. मी भोरला शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही. घरात आम्ही दोघंच होतो.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी जिपेला नवा भोंगा आणि मोबाईलचा चार्जर बसवला. व्हिडिओ बघून, स्वतःच्या हातानं. बॅटरीपासून थेट एक लाल वायर ओढली आणि इंजिन नि माणसं यांच्यामध्ये जो आडवा पत्रा असतो, त्याला असलेल्या एका भोकातून ती आत घेतली. अण्णा अंगणात उभे राहून बघत होते.

“वायरमनला दाखव एकदा,” ते म्हणाले.

“अण्णा, आठवीच्या मुलांना हे मीच शिकवते.”

ते घरात गेले. वायरला फ्यूज लावायचा राहिला होता. पुढच्या रविवारी लावू म्हटलं. मग पेपर तपासायचे आले, निकाल आला, आणि ते राहूनच गेलं.

वैशाखातल्या एका दुपारी आम्ही वेल्ह्याच्या पुढच्या एका वाडीवर निघालो होतो. एका धनगर बाईची गाय अडली होती. त्या बाईला मी लहानपणापासून ओळखत होते. नवरा गेल्यावर एकटीनं शेरडं आणि गुरं सांभाळणारी, अण्णांपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल. वाडी समोर दिसायला लागली आणि रबर जळल्याचा वास आला. रस्त्यावर कुणी टायर जाळला असेल म्हणून मी पुढं नेली. तेवढ्यात अण्णा म्हणाले, “माझ्या पायाशी धूर आहे.”

मी गाडी थांबवली, किल्ली बंद केली. किल्ली बंद केली की सगळं बंद होतं, असं मला वाटत होतं. पण माझी वायर थेट बॅटरीवरून आली होती. तिला किल्लीशी काही देणंघेणं नव्हतं. ती तापून लाल झाली होती, आणि तिच्या शेजारूनच पेट्रोलचा जुना रबरी पाइप गेला होता.

बॉनेटच्या फटीतून ज्वाळ दिसली तेव्हा मी उडी मारून खाली उतरले. अण्णा उतरले नाहीत. त्यांच्या बाजूच्या दाराला कधीकाळी एक साधी कडी बसवून घेतलेली होती, ती अडकली होती. ते डाव्या हातानं ती ओढत राहिले, आणि तोवर कडीसकट दाराचा पत्रा तव्यासारखा तापला होता. त्यांनी ओरडून मला हाकसुद्धा मारली नाही. मी परत आत शिरले, त्यांना काखेत धरून गिअरच्या दांड्यावरून माझ्या बाजूला ओढलं. ते रस्त्याच्या कडेला बसले. डाव्या तळव्याची कातडी कडीला चिकटून राहिली होती.

मग मी बॉनेट उघडायला धावले. आत काय पेटलंय ते बघायचं, एवढंच डोक्यात होतं.

“झाकान उगडू नगं! वारं लागंल!” धूर बघून ती बाई पाण्याची कळशी नि विळा घेऊन वाडीकडून पळत येत होती. माझा हात तिनं झटकून बाजूला केला. खांद्यावरची घोंगडी कळशीत बुडवली, बॉनेटच्या पुढच्या जाळीवर दाबून धरली आणि मला म्हणाली, “माती आण. बगत काय ऱ्हायलीस, माती!” मी बॉनेटच्या फटीतून ओंजळीनं माती ओतत राहिले. बॅटरीची तार तिनंच विळ्यानं तोडली, तीही धूर कमी झाल्यावर, झाकण वीतभर उचलून. सीटखालच्या पेट्रोलच्या टाकीपर्यंत आग पोचली नाही, ती या बाईमुळं.

तिची गाय त्या दिवशी मेली. अण्णांना दवाखान्यात नेण्यासाठी टेम्पो येईपर्यंत ते तिला रस्त्यावरूनच सांगत होते की वासरू कसं फिरवायचं. तिनं प्रयत्न केला. वासरू वाचलं.

भोरच्या दवाखान्यात आणि घरी भेटायला येणाऱ्या सगळ्यांना मी एकच सांगत होते, “जुनी गाडी. शॉर्ट झालं.” खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. अण्णा कॉटवर पडून ऐकायचे. त्यांची दोन बोटं आता सरळ होणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाही मी मान हलवून औषधांची चिठ्ठी घेतली आणि बाहेर आले.

सगळ्यांनी जीप भंगारात द्यायला सांगितलं. अण्णा नको म्हणाले. म्हणून ती टेम्पोवर घालून कापूरहोळच्या एका गॅरेजात नेली. तिथले मिस्त्री पत्र्याचं काम करायचे. साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आडव्या पत्र्यापाशी वाकले आणि बोटानं एका भोकाची कड चाचपली. भोकाची धार पात्यासारखी होती. त्यात वितळलेल्या लाल वायरचा तुकडा अडकला होता.

“ही वायर कुणी वडली?”

“एका वायरमननं,” मी म्हणाले.

“त्याला गाडीला हात लावू देऊ नगा परत. भोकाला रबर न्हाई, वायरला फ्यूज न्हाई. धक्क्यानं घासून घासून कापली.” त्यांनी तो तुकडा काढून माझ्या हातात दिला. मी तो पर्समध्ये टाकला.

उत्तरेकडून नवे पत्रे मागवले. डावं मडगार्ड, बॉनेट, आडवा पत्रा, पायाखालचा पत्रा. ते आले तेव्हा मला वाटलं, आता चार दिवसांचं काम. पण एकही भोक जुन्या भोकाशी जुळेना. मी चिडले तर मिस्त्री म्हणाले, “पत्रा सरळ हाय मॅडम. गाडी इतक्या वर्सांत वाकडी बसलीया. कुणीतरी कुणाचं तरी ऐकाय पायजे.”

त्याआधी त्यांनी एक काम केलं होतं. वेल्डिंगचं मशीन बाहेर काढण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून शेडपासून लांब, बांधापलीकडं नेऊन ठेवली. बॅटरी काढली. ओली पोती, वाळूच्या दोन बादल्या आणि आग विझवायचं लाल नळकांडं हाताशी आणलं.

“टाकीत तर काहीच नाही आता. सगळं काढलं ना आपण,” मी म्हणाले.

मिस्त्रींनी काच असलेला तो काळा मुखवटा कपाळावर सरकवला. “माझा थोरला भाऊ असंच म्हणला हुता. रिकामी टाकी, आठ दिस उन्हात पडल्याली. वास बी न्हवता. भोक बुजवाय टाका माराय घेतला. भरल्या टाकीला मानूस भितो, रिकामीला भीत न्हाई. पर आत वाफ असती. टाकी फुटली, त्यातच गेला त्यो.” वाळूची बादली पायानं जवळ ओढून ते म्हणाले, “म्या त्याला म्हनलं हुतं, पानी भर आदी. म्हनलं, पर एकदाच म्हनलं. दुसऱ्यांदा म्हनलो न्हाई.”

मग मुखवटा खाली ओढून ते कामाला लागले.

त्या दिवशी एस. टी.त बसून घरी येताना मला ते ‘एकदाच म्हनलं’ सोडवेना. अण्णाही मला एकदाच म्हणाले होते. पण ऐकायचं काम माझं होतं. घरी आल्यावर अण्णांच्या हाताची पट्टी बदलताना मी सांगितलं. फ्यूज नव्हता. मला माहीत होतं. रोज वर्गात फळ्यावर मी तो काढते.

त्यांनी हात माझ्या हातातून काढून घेतला नाही. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवले, औषधं घेतली, पेपर डोळ्यांशी धरून वाचला. आजवर त्यांनी माझ्याशी कधी अबोला धरला नव्हता. ते दोन दिवस आगीपेक्षा मला जड गेले. मी हातरुमालात गुंडाळलेला वायरचा तुकडा त्यांच्या उशाशी ठेवला होता. तो त्यांनी उचलला की नाही, मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते टोपी घालून दारात उभे होते. “मला गॅरेजात ने.”

तिथं खुर्ची टाकून ते दिवसभर बसले. मग रोजच यायला लागले. मिस्त्री नि अण्णा फार बोलत नसत. मिस्त्रींनी सगळे पत्रे आधी नुसते अडकवून घेतले, एकही बोल्ट पुरता आवळला नाही. बॉनेट वर ठेवलं, दारं लावून बघितली, मडगार्डच्या फटीतून बोट फिरवलं, मग इकडचा एक पिळा, तिकडचा एक पिळा. कुठं भोक मोठं केलं, कुठं पातळ पट्टी घातली. आडव्या पत्र्याची नको असलेली सगळी भोकं बुजवली, हवी त्यांना जाड रबराच्या कड्या बसवल्या. नवा पेट्रोलचा पाइप सायलेन्सरपासून लांब, चिमट्यांनी बांधून नेला.

वायरिंगच्या दिवशी अण्णांनी मला पुढं बोलावलं. “फ्यूज कुठं बसवायचा, ते मिस्त्रींना तू सांग.”

“बॅटरीच्या अगदी जवळ,” मी म्हणाले. “म्हणजे पुढं कुठंही वायर कापली तरी तो आधी जाईल.”

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. त्यांना त्या क्षणी कळलं असावं, वायरमन कोण ते. “व्हय,” ते म्हणाले आणि पक्कड माझ्या हातात दिली. तो फ्यूज मी बसवला. सीटशेजारी बॅटरी तोडायचा बटण-दांडा आणि दोघांच्याही हाताला येईल असं नळकांडं बसवलं. दाराला आतून-बाहेरून उघडणारी नवी कडी आली. अण्णांनी ती उजव्या हातानं दहा-बारा वेळा उघडून बघितली, मग वाकड्या बोटांच्या डाव्या हातानंही.

पावसाळा सरल्यावर आम्ही पहिल्यांदा त्या वाडीवर गेलो. नवी घोंगडी नेली होती. बाईनं ती घेतली, हात फिरवला आणि म्हणाली, “सूत हाय का काय ह्यात? सुताची पेटती. लोकरीचीच पायजे.” लोकरीचीच होती. मग तिनं त्या दिवशीचं वासरू दाखवलं. अण्णांनी त्याचे कान, डोळे, खूर बघितले. ती त्यांचा हात बघत होती.

“पोरीचा दोष हुता डाक्टर?” तिनं सरळ विचारलं.

“होता,” अण्णा म्हणाले. “सांगितलं तिनं.”

एवढंच. तिनं चहा दिला, आधी मला आणि मग अण्णांना.

त्या थंडीत अण्णा गेले. हाताचं त्यात काही नव्हतं. वय झालं होतं. दहाव्याला कापूरहोळहून मिस्त्री आले. घाटावर सगळ्यांच्या मागं उभे राहिले, घरी येऊन पाणी प्यायले. मी म्हणाले, “अण्णांना तुमच्याकडं बसायला आवडायचं.” त्यांनी मान हलवली. जाताना अंगणात जिपेपाशी थांबले, न विचारता बॉनेट उचललं आणि पाइपाचा एक चिमटा खिशातल्या पेचकसानं आवळला.

“पायप वर्सानं बदला,” ते म्हणाले. जरा थांबून परत म्हणाले, “बदला बरं का.”

मी बदलते. वाड्यांवरून अजून फोन येतात. आता मी जनावरांच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंना घेऊन जाते. गाडीत बसल्यावर त्यांना आधी दाराची कडी उघडून दाखवते, मग नळकांडं. पहिल्यांदा त्या हसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, वायर कुणी ओढली तेही.