कॉलरबाईचा राजीनामा

शर्टांच्या कारखान्यात अकरा वर्षं ती फक्त कॉलरी शिवायची, म्हणून सगळ्या तिला कॉलरबाईच म्हणत. तिथे एकीच्या हातचा शर्ट दुसरीच्या हातात जातो. एक उठली की मागच्यापुढच्या सगळ्या खोळंबतात. म्हणून साडेपाचच्या आत जागा सोडायची नाही, मग घरी आभाळ कोसळो.

घरी अर्धांगवायू झालेले वडील. त्यांना सांभाळणारी बाई चारला जायची. पुढचे दोन तास म्हातारा एकटा. एकदा न्हाणीघराच्या दारात पडले, ते ही येईपर्यंत तसेच पडून होते. फोनवर भाऊ म्हणाला, "सोड ना नोकरी." सल्ला द्यायला त्याचं काय जातंय! पण त्या अवस्थेत बापाला पाहिलं आणि तिचं कामावरचं मनच उडालं. तिने राजीनामा लिहिला.

कारखान्यातली देखरेखीची बाई महाखडूस. तिने कागद वाचून खणात टाकला. म्हणाली, "चारला जात जा. मी बसते तुझ्या मशीनवर."

हौस बघा! दुसऱ्या दिवशी तपासणीतून बावीस कॉलरी परत आल्या. एकीचंही टोक धड नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणारी ती बाई सगळ्यांसमोर मान खाली घालून टाके उसवत बसली. आधी सगळ्या खुसुखुसु हसल्या. मग काजवाली म्हणाली, "द्या इकडे, तुमच्याच्यानं नाही व्हायचं." तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत काजवाली, बाहीवाली आणि खिसेवाली मिळून संध्याकाळपुरत्या कॉलरी आधीच शिवून ठेवू लागल्या. वरच्या साहेबांना कुणी काही बोललं नाही.

आठवडाभर ती सव्वाचारला घरात हजर. वडील मात्र गप्प गप्प, जेवणही निम्म्यावर आलेलं. शेवटी आठव्या दिवशी त्यांनी अडखळत विचारलं, "खरं सांग. माझ्यापायी काढून टाकलं ना तुला?"

"नाही हो बाबा. माझं काम बाकीच्या करतात."

"फुकट?"

"फुकट."

"मला तर ओळखतही नाहीत त्या," म्हणाले, आणि तिची आई गेली तेव्हाही न रडलेला तो माणूस ढसाढसा रडला.