बारा सीटं, एक उंची

गफूरमामा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत, गुडघ्याकडे बघत. घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं सायकलचं दुकान होतं. सीट खालीवर असलेला कुणी समोरून गेला, की मामा पचकन थुंकत. "गाढवावर बसल्यावानी बसलंय बेणं!"

मी पहिल्यांदा गेलो तो लंगडतच. दुष्काळाचं साल. गावच्या दूध सोसायटीचा मी सचिव. पण सचिव कसला, हमालच. इतर दूधवाल्यांसारखे दोन्ही बाजूंना कॅन अडकवून मीही रोज सायकल हाणायचो. गुडघे असे ठणकत, की नोकरी सोडावी लागणार असं वाटायचं.

"दोन्ही पाय भुईला टेकावेत म्हनून सीट खाली केलंस ना बे?" मामांनी विचारलं.

खरंच होतं ते. भरल्या कॅननी सायकल कलंडेल या भीतीनं आम्ही सगळेच तसं करायचो.

"टेकायला एक पाय लई झाला. गुडघं काय सोसायटीनं दिलेत व्हय?"

पायडल अगदी खाली नेऊन त्यांनी माझी टाच त्यावर ठेवायला लावली आणि पाय सरळ होईपर्यंत सीट वर घेतलं. आठ दिवसांत मी गुडघे न ठणकता जिना चढलो.

पुढं सोसायटीनं बारा दूधवाल्यांना नव्या सायकली द्यायचं ठरवलं आणि जोडणीचं काम मामांना दिलं. मामांनी एकेकाला टाच टेकवायला लावून बाराही सीटं वेगवेगळ्या उंचीवर बसवली. वाटपाच्या कार्यक्रमाच्या सकाळी सोसायटीचे चेअरमन आले.

"सचिव, हे पडक्या दातावानी वरखाली काय लावलंय? फोटोत कसं दिसंल?"

मी पाना घेतला आणि सगळी एका ओळीत आणली, त्या बारातल्या सगळ्यात बुटक्या किसनच्या मापाला. सीटं चोरीला जातात, तेव्हा जाग्यावर वेल्डिंग करून टाका, असंही चेअरमन म्हणाले. वेल्डिंगवाल्याला मीच बोलावून आणलं. गुडघ्याची कळ मला ठाऊक होती, तरी बोलावलं. शी! आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

त्या बाराजणांत म्हादू सगळ्यात उंच. गुडघे छातीला लागायचे त्याचे. सीट वर करून द्या म्हणून दोनदा माझ्याकडे आला. मी "बघू" म्हणालो. दरवर्षी दिवाळीनंतर तो ऊसतोडीला जायचा. त्या वर्षी त्याला खाली बसून उठताच येईना. मुकादमानं त्याला टोळीत घेतलं नाही.

मामांनी करवतीनं म्हादूच्या सीटचं वेल्डिंग कापलं. चेअरमननी त्यांना सोसायटीच्या मालाची नासधूस केल्याची नोटीस काढली. खाली सही माझी. मामांनी ती वाचली, तिनंच हाताचं ग्रीस पुसलं आणि माझ्या पायाजवळ टाकली.

"म्हादूचं गुडघं गेलं ते गेलं," ते म्हणाले. "तुला कळत व्हतं बे. त्येची शिसारी येती."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मामा वारले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी नवी सायकल घेतली, धीर करून त्यांच्याकडे नेली. त्यांनी बोटानंच पायडल दाखवलं. मी टाच ठेवली. त्यांनी सीट वर घेतलं, परत माझी टाच बघितली, अजून अर्धं बोट वर घेतलं, नट आवळला. मग पलीकडे तोंड करून पचकन थुंकले.

सीट अगदी बरोबर लागलं होतं. माझे गुडघे अजून ठणठणीत आहेत.