मोहपाड्याची सायकलवाट

चार माणसं सहा वर्षं, दर रविवारी, कुदळी घेऊन एकाच डोंगरात जात राहिली, की वाट होते की नाही ते नशीब. किस्से मात्र होतातच. साचत जातात. परवा मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही तिकडे इतकी वर्षं काय केलंत?" म्हटलं, "वाट केली." "कुठंय ती?" आता काय दाखवणार! दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही. सांगण्यासारखं आहे. तर ऐका.

*

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या बाजूला मोहपाडा म्हणून वस्ती. तिथल्या शाळेवर मी एकटा शिक्षक. डांबरी सडकेपासून पाडा तीन मैल आत, मध्ये एक डोंगर आणि दोन ओहळ. मी सडकेजवळच्या गावात राहायचो, म्हणून हौसेनं जुनी सायकल घेतलेली. सडकेवर ती झकास धावायची. डोंगर लागला की मी ती खांद्यावर घ्यायचो.

पाड्यातला नवसू आपल्या नागलीच्या शेतातून हे महिनाभर बघत होता. नवसू सगळ्यांनाच अरे-तुरे करायचा. तिकडची रीतच ती. कलेक्टर आला असता तर त्यालाही केलं असतं. एक दिवस त्याला राहवलं नाही.

"गुरजी, एक इचारू?"

"विचार."

"तू सायकलीवर बसतोस, का सायकल तुझेवर बसते?"

मी सायकल दुसऱ्या खांद्यावर घेतली. बोलायला श्वास शिल्लक हवा ना!

*

जव्हारला एस.टी. डेपोजवळ युसुफभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दर आठवड्याला मी एस.टी.च्या टपावर सायकल टाकून त्यांच्याकडे न्यायचो. कधी चाकाचा आठ झालेला, कधी तारा तुटलेल्या, कधी फोर्कच वाकलेला. एकदा त्यांनी पान्हा खाली ठेवला.

"मास्तर, इमानदारीत सांगा. हिला तुम्ही चालवता का मारता?"

मी वाटेचं वर्णन केलं. दगड, घसरण, ओहळ, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमची सायकल दुरुस्त करून करून मी दमलो. आता रस्ताच दुरुस्त करून टाकू."

मला वाटलं, गंमत करताहेत. पुढच्या रविवारी पहिल्या एस.टी.तून युसुफभाई उतरले. साठीला आलेला माणूस, डोक्याला टोपी, पायात रबरी चप्पल आणि खांद्यावर पहार!

नवसू आपणहून आला. चौथा साबळे. हा मलेरियाचा फवारणीवाला, साताऱ्याकडचा, पाठीवर पंप घेऊन पाडोपाडी हिंडायचा. आमचं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"काही उपयोग नाही हो, गुरुजी. या डोंगरात माणूस टिकत नाही, वाट काय टिकणार!" आणि लगेच, "आणा ती कुदळ इकडं."

पुढची सहा वर्षं तो हेच म्हणाला. आणि कामाचा एक रविवार चुकला नाही.

*

युसुफभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मास्तर, पाण्याला वाटेवरून चालू द्यायचं नाही. वाट थोडी दरीकडे कलती ठेवा, म्हणजे पाणी ओलांडून जाईल. सरळ खणाल तर पानी मालिक बन जाएगा."

मी शिकलेला माणूस. त्यामुळे ऐकलं नाही. सरळ उतरणीला खणलं तर काम निम्मं, हा माझा हिशेब. होळीनंतर लागलो आणि मृगाच्या आधी वाट पाड्यापर्यंत नेली. सायकलवर बसून मी स्वतः उतरलो. पोरं टाळ्या पिटत होती!

मग पाऊस लागला. चार दिवस घराबाहेर पडता आलं नाही. पाचव्या दिवशी छत्री घेऊन बघायला गेलो, तर वाटेच्या जागी गुडघाभर पाणी धावतंय, आणि नवसूचा मेव्हणा त्यात वाकून काहीतरी चाचपतोय. मला बघून त्याचा चेहरा फुलला.

"गुरजी, तुझी वाट लय बेस! औंदा चिंबोऱ्या सगळ्या हितंच आल्या!"

त्या दिवशी त्यानं मला चार चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, दिल्या. माझ्या तीन महिन्यांच्या कष्टांचं तेवढंच पदरात पडलं.

*

दुसऱ्या वर्षी डोंगराला वळसे घालत, कलती वाट काढली. आता काम तिप्पट. त्यात एक साहेब येऊन म्हणाले, "ही जमीन सरकारी. परवानगी आहे?"

नव्हती. मी सुवाच्य अक्षरात अर्ज केला. 'विद्यार्थी, आजारी माणसं, गुरंढोरं व सायकली यांच्या सोयीसाठी सदर वाटेची विनामूल्य दुरुस्ती करण्यास परवानगी मिळावी.' अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर आठ महिने फिरला. आठ महिने आम्ही कुदळी घरात ठेवून बसलो. तेवढ्यात आणखी एक पावसाळा येऊन अर्धी वाट खाऊन गेला.

शेवटी उत्तर आलं. मी ते तिघांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'सदर ठिकाणी कोणतीही वाट अस्तित्वात असल्याचे नोंदीवरून दिसून येत नाही. सबब तिच्या दुरुस्तीस परवानगी देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.'

नवसूला नीटसं कळलं नाही. "म्हंजे काय?"

साबळे म्हणाला, "म्हणजे आपण जे करतोय, ते नाहीच आहे."

"मंग बरा हाय," नवसू कुदळ उचलत म्हणाला. "नसलेलं काम कोन थांबवील?"

*

वाट थोडी चालती झाली तशी भांडणं सुरू झाली. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, बकऱ्या, बैल आणि वरून सुसाट येणारा मी! एका वळणावर नवसूची आई माझ्या सायकलीपुढं आली आणि मोळीसकट बसली. लागलं नाही, पण शिव्या सबंध पाड्यानं ऐकल्या.

मी वरमलो. फळी आणली, रंग आणला, आणि वळणावर पाटी ठोकली: 'ओझे असलेल्यास आधी वाट द्यावी.'

दुसऱ्या दिवशी म्हातारी पाटीपाशी थांबलेली. "काय लिवलाय रं, गुरजी?"

मी वाचून दाखवलं.

तिनं मोळी जरा सावरली. "हितं वाचता कोनाला येतां?"

"मला."

"मंग मला कशाला दाखवतोस? तू वाच, नि तू बाजूला हो!"

*

चौथ्या वर्षी वाट खरंच झाली. दिवाळीच्या तोंडाशी एका रविवारी मी शाळेपासून सडकेपर्यंत एकदाही पाय न टेकता आलो. युसुफभाईंनी मला मिठी मारली. साबळे म्हणाला, "आता मोडणार." पण तोही हसत होता.

माझ्या मनात काय काय होतं! वाटेनं डॉक्टर येईल, पाठ्यपुस्तकं वेळेवर येतील, एखादी बाई शिक्षिका यायला तयार होईल.

दिवाळी सरली. सोमवारी शाळा उघडायला निघालो, तर समोरून सगळा पाडा येत होता. डोक्यावर भांडी, काखेत कोंबड्या, कमरेवर पोरं. भिवंडी-वसईकडं वीटभट्ट्यांवर निघालेले. दरवर्षीच जायचे, होळीला परतायचे. पण दरवर्षी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागं राहायची, कारण त्या उतारावरून त्यांना न्यायचं म्हणजे दिवस जायचा. या वर्षी जवळजवळ कुणीच मागं राहिलं नव्हतं. माझ्या चौथीतल्या दोन मुली डोक्यावर हंडे घेऊन, वळणाला अजिबात न अडखळता, झपझप उतरत होत्या.

नवसूनं आईला हाताला धरलं होतं. लांबूनच ओरडला.

"गुरजी, तुझे वाटेनं लय बरा झाला! औंदा म्हातारीला पन न्हेतो. भट्टीवर पोरं सांभाळंल!"

त्या दिवशी पटावर बेचाळीस मुलं होती. वर्गात तीन. मी तिघांना पाढे म्हणायला सांगितले आणि दाराकडं तोंड करून बसलो.

*

युसुफभाईंनी मग आजाऱ्यासाठी सायकलडोली बनवली. एक सायकल पुढं, एक मागं, मध्ये दोन बांबू आणि गोणपाटाची झोळी. सायकलीवर बसायचं नाही. पुढं एकानं, मागं एकानं धरून ढकलायची. चाचणीला ते स्वतः झोळीत निजले. पुढं साबळे, मागं मी.

दुसऱ्या ओहळाशी साबळेचा पाय घसरला. सायकल, बांबू, युसुफभाई, सगळं पाण्यात! साबळे पाय धरून कण्हत होता. युसुफभाई पाण्यातून उठले, टोपी पिळून डोक्यावर ठेवली.

"पेशंट ठणठणीत आहे. ड्रायव्हरला झोळीत घाला!"

*

झोळी खरी लागली ती सहाव्या वर्षी, श्रावणात. नवसूची बायको सोनी अडली होती. दाई सकाळीच म्हणाली, माझ्या हातातलं नाही. मी आणि साबळेनं सायकली धरल्या. नवसू झोळीला हात लावून बाजूनं चालत होता. जिथं आधी दोन माणसांची डोली दोन तास घ्यायची, तिथं आम्ही पाऊण तासात उतरलो. पाऊस होता, तरी पाणी वाट ओलांडून जात होतं. एक दगड हलला नाही.

सडकेवर जांभळाखाली थांबलो. जव्हारला जाणारी गाडी अर्ध्या तासात यायला हवी होती. आली नाही. गाडी येते त्या बाजूच्या घाटात दरड पडली होती, ते आम्हाला नंतर कळलं. साबळे पुढची सायकल सोडवून तिच्यावर जव्हारच्या दिशेनं सुटला. दुसरी गाडी नाही, ट्रक नाही, कुणी नाही.

सोनीनं एकदा डोळे उघडले. "सडक आली?"

"आली," नवसू म्हणाला.

साबळे कुणाची तरी जीप घेऊन आला तेव्हा दुपार झाली होती. सोनी तासाभरापूर्वी गेली होती. मूलही गेलं.

परत नेताना नवसूनं झोळी नको म्हटलं. आम्ही तिला खांद्यावर नेलं. पाडा दिसायला लागल्यावर तो माझ्याकडं वळला.

"वाट बेस होती, गुरजी. कुठं धक्का नाय बसला तिला."

*

त्यानंतरचे दोन रविवार कुणी गेलं नाही. तिसऱ्या रविवारी मी सडकेवर गेलो. युसुफभाई उतरले. साबळे आधीच येऊन बसला होता. कुदळी घेतल्या आणि चढायला लागलो.

दुसऱ्या ओहळाच्या वर वाटेचा सगळ्यात चांगला तुकडा होता. तीस-चाळीस हात लांब, दरीच्या बाजूनं दगड रचून बांधलेला. त्या एका तुकड्याला आम्हाला अख्खा एक उन्हाळा लागला होता.

तिथं नवसू होता. पहारीनं बांधातला दगड उचकटत होता. दगड सुटला. त्यानं तो पायानं ढकलला. तो खाली करवीच्या झुडपांत गडगडत गेला. मग पुढचा.

"नवसू," मी म्हणालो.

त्यानं वर बघितलं नाही.

मी साबळेकडं पाहिलं. तो यावर काहीतरी म्हणेल असं वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो काही म्हणाला नाही.

युसुफभाईंनी सदरा काढला, टोपीशेजारी दगडावर घडी करून ठेवला. नवसूच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि आपली पहार दुसऱ्या दगडाखाली घातली. मग साबळे गेला. मग मी.

दुपारपर्यंत चौघं खणत होतो.  दगड संपले तशी भरावाची माती ओढली, तीही खाली लोटली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिथं वाट नव्हती, नुसता उतार होता.

नवसू बसला. पाणी प्यायला. पाण्याचा भोपळा युसुफभाईंकडं दिला. त्यानं खाली पडलेल्या दगडांकडं बघितलं. मग उठला, करवी धरत धरत उतरला, एक मोठा दगड खांद्यावर घेऊन धापा टाकत वर आला, आणि जिथून काढला होता तिथं नीट बसवला. हातानं हलवून बघितला. मग दुसऱ्या दगडासाठी आमच्याकडं हात पुढं केला.

आम्ही तिघं नुसते उभे होतो.

"देस ना, गुरजी," तो म्हणाला.