मनिराम काकांचा काटा

"सत्त्याहत्तर," मनिराम काका म्हणाले. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. अड्याळजवळच्या धान खरेदी केंद्रावर ऑपरेटर म्हणून माझा तो पहिला दिवस होता. मी स्कूटीवरून उतरले. गोदामाच्या दारात उभ्या असलेल्या या वाळक्या म्हाताऱ्याने मला डोक्यापासून चपलांपर्यंत एकदा पाहिले, आकडा सांगितला आणि तो परत पोत्यांकडे वळला. काय आगाऊ माणूस आहे, असे पुटपुटत मी तणतणत खुर्चीवर जाऊन बसले. आकडा सांगितल्याचा राग कमी होता, तो बरोबर निघाल्याचा जास्त.

पुढे कळले की काका सगळ्यांचेच असे करतात. चाळीस वर्षे धान तोललेला माणूस. पोते हमालाच्या पाठीवर असतानाच त्याचे वजन सांगायचा आणि काट्यावर फरक निघाला तर मूठभर धानाचा. माणसे त्यांना पोत्यांसारखीच दिसत. साहेब तपासणीला आले की काका हळूच माझ्याकडे वाकून म्हणत, "एक्क्याण्णव. त्यातले सहा पोटाचे." मला हसू आवरायचे नाही आणि साहेबांना वाटायचे, ऑपरेटरबाई किती प्रसन्न आहेत.

त्यांचा काटा जुना, लोखंडी, दांडीवर वजन सरकवायचा. दांडीची बाजू काकांकडे आणि पाटाची बाजू शेतकऱ्याकडे, म्हणजे आकडा फक्त काकांना दिसायचा. तरी कोणी वाकून पाहत नसे. कारण काका काटा मारत नाहीत, हे आसगावपर्यंत माहीत होते. एका व्यापाऱ्याने मागे कधी पोत्यामागे किलोभर जास्त घ्यायला सांगितले, तेव्हा काकांनी त्याच्यासमोर दांडी काढून त्याच्या हातात दिली आणि घरी निघून गेले. दोन दिवसांनी तोच बोलवायला आला. "काटा कोनाचा सोयरा नाही," एवढेच ते त्यावर बोलत.

माझी त्यांच्याशी खरी गाठ पडली ती मात्र प्रशांतच्या आजारपणात. प्रशांत माझा नवरा, पवनीला शाळेत शिकवतो. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला डायलिसिस चालू होते. माझी किडनी त्याला जुळत होती. मी मनाने कधीच देऊन टाकली होती, पण नागपूरच्या डॉक्टरांनी फाईल मिटून ठेवली. म्हणाले, "तुमचे वजन जास्त आहे. ऑपरेशन तुमच्यासाठी धोक्याचे आहे. दहा किलो उतरवा, चार महिन्यांनी या." नवऱ्याचा जीव माझ्या पोटावरच्या वळ्यांमुळे अडला आहे, हे ऐकून कसे वाटते ते मी सांगू शकणार नाही. परतीच्या बसमध्ये प्रशांतच माझी समजूत काढत होता.

दुसऱ्या दिवशी मी काकांना सगळे सांगितले आणि म्हटले, मला तोला. घरचा काचेचा काटा या फरशीवर एक सांगायचा, त्या फरशीवर दुसरेच. काका म्हणाले, "तो काटा तुमचा नोकर आहे जी, मालकिनीचं तोंड पाहून बोलते." मी पाटावर चढले. "थांबा," काका म्हणाले, "बारदाना वजा करू द्या." रिकाम्या पोत्याचे वजन आधी वजा करायचे, तशा माझ्या चपला, पर्स, मोबाईल, स्वेटर सगळे खाली उतरवले. मग गोदामाच्या लाकडी दाराच्या आतल्या बाजूला, पोत्यांवर मार्का मारायच्या निळ्या शाईने त्यांनी आकडा लिहिला. ७७.

त्या दारावर डाव्या बाजूला जुन्या, फिकट झालेल्या आकड्यांची एक ओळ होती. वरून खाली उतरत गेलेली. नाव नव्हते.

पहिल्या पंधरा दिवसांत तीन किलो उतरले. मी हरखून गेले. हमालांना चहा पाजला. काका मात्र चहाचा कप धरून म्हणाले, "हा ओलावा उतरला वर्षाबाई. धान अजून तेवढंच आहे." नवे धान अंगणात दोन दिवस पसरले की वजन भराभर घटते, ते पाणी असते, दाणा घटायला वेळ लागतो. डाएटवाल्या मॅडमनेही नागपूरला हेच सांगितले होते, पण मी ते कागदासोबत घडी करून पर्समध्ये ठेवले होते. काकांचे मात्र डोक्यात बसले. तरी मी त्या फिकट ओळीकडे बोट दाखवून म्हटलेच, "ही कोण हो? सोळा किलो उतरलेत! काय खात होती ते विचारून सांगा ना मला." काकांनी पुढच्या पोत्याला हाक मारली.

मग वजन अडले. दर आठवडी बाजाराला काका मला तोलत; चार बाजार झाले, आकडा जागचा हलेना. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. साखर तर मी पूर्ण सोडली होती. चहात गोडीची गोळी टाकत होते, टिचकी मारली की डबीतून टपकन पडणारी. काकांनी माझा एक पूर्ण दिवस टेबलासमोर बसून पाहिला, धानाचा नमुना पाहावा तसा. संध्याकाळी म्हणाले की सहा चहा झाले, गोळ्या साताठ पडल्या, आणि प्रत्येक चहासोबत दोन बिस्किटे किंवा मूठभर चिवडा. आधी साखरेचे दोनच चहा होत होते. गोळी आहे म्हणून मला परवाना मिळाल्यासारखे झाले होते. "गोळीनं च्या हलका केला," काका म्हणाले, "तुमाले नाई केलं."

मला लागले, पण खोटे नव्हते. गोळी वाईट नव्हती, साखरेपेक्षा बरीच होती. पण जे काम तिचे नव्हते ते मी तिच्यावर सोपवून मोकळी झाले होते. चालण्याचेही तेच. रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, एक फेरी मारायची आणि घाम पुसत नाक्यावर आलुबोंडा खायचा, कारण मेहनत केली ना! काकांनी तलावाच्या फेरीत किती उतरते आणि आलुबोंड्यात किती चढते, याचा अंदाज असा काही चेहरा करून सांगितला की हमालही हसले. मग मी सरळ झाले. चहा दोनच, बिस्किट बंद, ताटात आधी भाजी, वरण, मासळी, आणि भात शेवटी, निम्मा. धानाच्या जिल्ह्यात निम्मा भात म्हणजे माहेराशी भांडण केल्यासारखे वाटते. सासूबाई तर आठ दिवस माझ्या ताटाकडे पाहून डोळे पुसत होत्या. पाळीवरच्या फेऱ्या तीन केल्या आणि आलुबोंडा सोडला. आकडा हलू लागला. हळू, पण दाणा घटत होता. चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर, एकाहत्तर, सत्तर.

चार महिने संपले तेव्हा मी एकोणसत्तर होते. दोन किलो जास्त. सोमवारी नागपूरला जायचे होते, आणि प्रशांतचे पाय सुजून जोड्यात मावत नव्हते. मी काय केले असेल? शनिवारी दुपारपासून अन्न सोडले आणि पाणीही सोडले. रविवारी गोदाम बंद असते, तरी काकांना घरून बोलावून आणले आणि काट्यावर उभी राहिले. दांडी स्थिर झाली. सदुसष्ट! माझ्या डोळ्यांत पाणी आले, जे काही अंगात शिल्लक होते ते.

काकांनी शाईत काडी बुडवली नाही. माझ्या ओठांकडे पाहिले, कोपऱ्यातल्या माठातून पाण्याचा लोटा भरून आणला आणि समोर धरला. "डॉक्टर तुमची किडनी काढून राहिले, अन् तुमी तिलेच तहानेली ठेवून राहिल्या? प्या. मंग उभ्या राहा."

मी चिडले. मी त्यांना नको ते बोलले. तुमचे काय जाते, तुमच्या घरी कोणी मरणाच्या दारात नाही, तुम्हाला फक्त काटा कळतो, माणूस कळत नाही, असे काहीबाही. काका लोटा धरून उभेच होते. माझे बोलून संपल्यावर त्यांनी त्या दारावरच्या फिकट ओळीवर बोट ठेवले.

"हे माही बायको होय," ते म्हणाले. "डबा घेऊन येये, तं मी गमतीनं तोलो तिले. मंग वजन उतरू लागलं. तिले घोर नको म्हून मी बढवून सांगो, मागच्या बारीले सांगितलं तेवढंच. दांडी माह्याकडं, तिले काय दिसते? दारावरचे आकडेही तिले वाचता येत नोते. हसत उतरे अन् रोवणीले जाये. शेवटी नागपूरले नेलं, तं डॉक्टरनं पहिला सवाल विचारला, वजन कवापासून उतरून राहिलं? तिनं सांगितलं, उतरलंच नाही."

बोट ओळीच्या शेवटच्या आकड्यावर नेऊन म्हणाले, "चाळीस साल काटा मारला नाही. मारला तो तिच्यावर."

दारावर मात्र त्यांना खोटे लिहिता आले नव्हते. आणि मी त्याच ओळीचा हेवा केला होता, तिने काय खाल्ले ते विचारले होते. अजून आठवले की अंगावर काटा येतो. मी लोटा घेतला, पूर्ण प्याले, वर आणखी एक प्याले. तासभर आम्ही दोघे पोत्यांवर बसून राहिलो. मग उभी राहिले. सव्वा अडुसष्ट. त्यांनी लिहिले.

सोमवारी डॉक्टरांना मी सगळे खरे सांगितले, शनिवार-रविवारच्या उपाशीपणासकट. ते आधी रागावले, मग त्यांनी कागद पाहिले आणि आणखी एक महिना दिला. त्या महिन्यात प्रशांतला एकदा दवाखान्यात ठेवावे लागले. मी त्या आवारातसुद्धा फेऱ्या मारत होते; वॉचमनला वाटले बाईचे काही हरवले आहे. महिन्याने मी साडेसहासष्ट भरले. पोटभर पाणी पिऊन.

ऑपरेशन झाले. प्रशांत आज सायकलवर शाळेत जातो आणि माझ्याशी पूर्वीसारखा भांडतो. दोन महिन्यांनी मी केंद्रावर गेले तेव्हा काकांनी बारदाना वजा करून मला तोलले आणि गंभीर चेहऱ्याने विचारले, किडनीचे वजन किती असते. मी म्हटले, असेल दीडशे ग्रॅम. "मंग तेवढं तुमच्या मेहनतीत धराचं नाही," म्हणाले. मी इतकी हसले की टाके दुखले.

मनिराम काका मागच्या हंगामाआधी गेले, झोपेतच. मी शेवटचे दर्शन घ्यायला गेले तेव्हा मनात आधी त्यांच्या वजनाचा आकडाच आला, पंचेचाळीस, आणि मग रडू. केंद्रावर आता नवा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. लाल आकडे दोन्ही बाजूंना दिसतात. शेतकऱ्यांनी पहिले काही दिवस वाकून वाकून पाहिले, जे काकांच्या वेळी कोणी केले नव्हते.

दार मी रंगवू दिलेले नाही. साहेबांनी दोनदा सांगितले, मी दोनदा विसरले. परवा बाजाराच्या दिवशी, सणासुदीचे पंधरा दिवस झाल्यावर, मी चपला, पर्स, मोबाईल काढून ठेवले, लोटाभर पाणी प्याले आणि काट्यावर चढले. दीड किलो वाढले होते. आजूबाजूला कोणी नव्हते. निळ्या शाईत काडी बुडवली आणि माझ्या ओळीत जेवढे होते तेवढेच लिहिले.